घासलेल्या शेवंडी

तिसरी शेवंडही मी उलटी केली. शेपटीच्या आतल्या बाजूला मऊ केसांची झालर असते. मादी अंडी तिथेच चिकटवून वागवते. इथे झालर ओरबाडलेली होती. अंडं एकही नव्हतं.

साठच्या दशकातली गोष्ट. मालवणला मी मत्स्यखात्यात इन्स्पेक्टर होतो. शेवंडीच्या, म्हणजे लॉब्स्टरच्या, शेपट्या मुंबईत गोठवून अमेरिकेला जायच्या. दोन्हीकडच्या सरकारांनी नुकतंच ठरवलं होतं की अंडीवाली मादी पकडायची नाही, विकायची नाही. बीजच बाजारात गेलं तर पुढे पकडणार काय? माझ्या सर्टिफिकेटशिवाय माल हलत नसे.

बाहेर बर्फाची गाडी उभी. ड्रायव्हर सारखा हॉर्न मारत होता. चार टोपल्यांपैकी ही एक आनंदीबाईंची. होड्यांवरून शेवंडी गोळा करून गाडीला घालायचं काम त्यांचं.

"अंडी कोणी काढली?" मी विचारलं.

"मीच. काथ्यान घासलंय," त्या सहज म्हणाल्या. "गाडीवालो म्हणालो, अंडीवाली चलाची नाय. आता चलतली मां?"

पोस्टात धावत जाऊन मी साहेबांना ट्रंककॉल लावला.

"अंडी दिसतात का?" साहेब.

"नाही. पण घासून काढलीत, खुणा आहेत."

"नियमात 'अंडी असलेली' असं आहे. 'खुणा असलेली' असं नाही. सही करा. मुंबईची बोट सुटेल."

"साहेब, मग त्या नियमाला अर्थ काय राहिला? मी सही नाही करणार."

"उशिराची जबाबदारी तुमची," म्हणून साहेबांनी फोन आपटला. माझी नोकरी नवीन होती.

परत येऊन मी तीन टोपल्या तपासल्या, पास केल्या. गाडी दोन तास उशिरा सुटली. आनंदीबाईंची टोपली मागे राहिली.

त्या उसळल्या. "दर्या आमचो, होडी आमची, आणि कायदो अमेरिकेचो?"

"कायदा आपलाही आहे. पंधरा दिवसांपूर्वीच नोटीस लावली होती."

"खंय?"

मी ऑफिसच्या भिंतीकडे बोट दाखवलं. कागद इंग्रजीत होता. आनंदीबाई कागदाकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. मला खाली बघावं लागलं.

मग मी तिथेच पायरीवर बसलो आणि एक शेवंड हातात धरून सगळं समजावून सांगितलं. शेवटी आनंदीबाई टोपलीतलं गोणपाट बाजूला करून म्हणाल्या, "ह्यो पाच घासूक नाय अजून. जित्यो आसत."

त्यांच्या भावाच्या होडीतून आम्ही समुद्रातल्या खडपांपर्यंत गेलो. त्यांनी एकेक शेवंड पाण्यात सोडली. पोटाखाली नारिंगी अंडी गच्च. पाचही खाली गेल्या. जगल्या की नाही, कोण जाणे.

गाडीला बोट मिळाली. मला मात्र विलंबाबद्दल मेमो आलाच. मी उत्तरात चूक कबूल केली, पण साहेबांना हवी होती ती नव्हे. मी लिहिलं, "परिपत्रक भिंतीला कळवलं होतं. माणसांना कळवायचं राहिलं."