वाचनालयाच्या कमानीतला गूळ

वाचनालय बघायला येतात ना माणसं, ती आधी त्या दारावरच्या कमानीखाली थांबतात आणि माना वर करतात. काळा घडीव दगड, उंच खिडक्या, आत सागवानी माडी, वर मंगळुरी कौलं. सगळ्या कर्जतात अशी इमारत नाय म्हणतात. सुंदराचं नाव मात्र कोण काढत नाय. अरे मेल्यांनो, ज्या चुन्यात ते दगड बसलेत तो चुना तिनं मळला! म्हणून मीच सांगते. मी अंबू, हितं झाडलोट करते.

सुंदरा दहिवलीची, सहदेव गवंड्याची धाकटी भईन. नवरा पटकीनं गेला तेव्हा सहदेवानं तिला आणि तिच्या तान्ह्या पोरीला माहेरी आणलं. भाऊ असावा तर असा, असं सगळे म्हणायचे. तिची जीभ मात्र लय धारेची. बैलाला, मला, वाचनालयाचे पुढारी आबाजी म्हणून होते त्यांना, सगळ्यांना एकाच तोंडानं बोलायची. एकदा आबाजींना म्हणाली, "पुस्तकांना एवढं घर बांधताय, आमचं छप्पर बघितलंय काय कधी?" सहदेव मान खाली घालून हसला होता.

चुन्याच्या घाणीवर आमी दोघी. मी बैल हाकायची, दगडी चाक गोल चरातनं फिरायचं, आणि ती चरात चुना-वाळू ढकलून वर हिरड्याचं आणि गुळाचं पाणी ओतायची. गुळानं चुना चिवट होतो. गूळ सहदेव स्वतः आणून द्यायचा आणि बजावायचा, "सुंदरे, एक खडा कमी पडता कामा नाय."

त्या साली पावसानं उभं भात कुजवलं. घरोघर नाचणीची पेज, तीपण पातळ. कमानीचा चुना चालू होता आणि सुंदराची पोर नुकती तापातनं उठली होती. सुंदरानं गुळाचा एक खडा पदराला बांधला. दुसऱ्या दिवशी दोन बांधले. तिसऱ्या दिवशी एक माझ्या हातावर ठेवला. "खा गं अंबे, दगडाला काय भूक लागते?" मी खाल्ला. खोटं कशाला बोलू, मग रोज खाल्ला.

कमान जुळली. खालनं लाकडी साच्याचा आधार होता. सहदेव म्हणाला, "महिनाभर याला हात लावायचा नाय." पण आबाजींना घाई. संक्रांतीला साहेब यायचा होता, दारात लाकडं कशी दिसणार? पंधराव्या दिवशीच साचा काढायचा म्हणून अडून बसले. सहदेव खूप भांडला. शेवटी म्हणाला, "काढतो. माझा चुना चोख हाय."

गवंड्यांची रीत अशी, साचा काढताना ज्यानं कमान बांधली त्यानं खाली उभं राहायचं. पडली तर आधी त्याच्यावर पडायची. सहदेवानं नारळ फोडला आणि हात जोडून कमानीखाली जाऊन उभा राहिला.

सुंदराचा चेहरा पांढराफटक. माझ्या कानाशी म्हणाली, "अंबे, मी सांगते गं."

"गप बस, दोघींचं काम जाईल," मी म्हणाले. देवा, असं म्हणाले मी!

पहिली पाचर निघाली आणि ती धावत कमानीखाली गेली. "दादा, बाहेर हो! चुन्यातला गूळ मी खाल्लाय!"

सगळे थिजले. सहदेव जागचा हलला नाय. त्यानं विचारलं, "एकटीनं?"

तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाय. "एकटीनं."

मी बैलाचा कासरा धरून उभी. तशीच बैलाच्या आड सरकले.

"मग तूपण उभी राहा हितं," सहदेव म्हणाला आणि वर बघून ओरडला, "काढा रं!"

पाचरा निघाल्या. कमान करकरली, बोटभर खाली बसली, चुन्याचा भुगा दोघांच्या डोक्यावर पडला. आणि उभी राहिली! लोकांनी आरोळ्या ठोकल्या. सहदेव भईनीकडं न बघता निघून गेला.

दुसऱ्याच दिवशी त्यानं तिला घराबाहेर काढलं. ती पोरीला घेऊन कडावला गेली, लोकांच्या शेतात राबली. अकरा वर्षं दर भाऊबीजेला ओवाळणीचं ताट करून दारात बसायची. त्यो एकदापण गेला नाय. औंदा गाठीच्या तापानं सुंदरा मेली. मी आजपावेतो त्या कमानीखालनं गेलेली नाय, झाडायला मागच्या दारानं येते.

तिचं तेरावं झालं आणि मी सहदेवाकडं गेले. अंगणात दगड घडवत बसला होता. रडत सगळं सांगितलं, गूळ मीपण खाल्ला, निम्मा माझाच होता.

"तेव्हाच ठाऊक होतं मला," त्यो म्हणाला.

मी उडालेच. "मग मला कामावर ठेवलंत, आणि तिला तेवढं हाकललंत?"

त्यानं छिन्नी खाली ठेवली. हातावरची दगडाची भुकटी झटकली.

"तू परकी, अंबे. तुझ्यावर मी कुठं विसंबलो होतो? ती माझी भईन होती."

आणि म्हातारा ढसाढसा रडायला लागला.