मोठ्या चंद्राखालचा मांडव

शिडीवर चढून मी मांडवाच्या कापडी छताची शेवटची गाठ मारत होतो. तेवढ्यात खालून नामदेव माळी ओरडला, "किसनभाऊ, मांगं पाह्य!"

मागं पाहिलं. निंबामागून चंद्र वर येत होता. परातीएवढा, तांबूस.

"आज तो जमिनीच्या जवळून चालला," नामदेव म्हणाला. मोगऱ्याची टोपली डोक्यावरच होती. "असा दिसला का जमीन हालते, नाही तं वावधन येते. तुया मांडव उडते आज."

वावधन म्हणजे आमच्याकडचं वादळ.

"मांडव माया हाये, चंद्राचा नाही," मी म्हटलं.

गाव बार्शीटाकळीजवळचं. दीक्षा घेतल्यानंतरची आमच्या वस्तीतली ती पहिली बुद्धजयंती. मांडव पडला असता तर सारं गाव म्हणालं असतं, देव सोडले म्हणून कोप झाला. प्रोग्रामचा अध्यक्ष गंगाधर तेवढ्यानंच घाबरला.

"किसनभाऊ, छत काढून ठेवता का?"

"काहून? माळी बोलला म्हणून?"

मी छत काढलं नाही. उलट चारी कोपऱ्यांना आणखी एकेक तणावा मारला. तणावा म्हणजे बल्लीपासून, मांडवाच्या लाकडी खांबापासून, खुंटीपर्यंतचा ताणाचा दोर. चंद्रासाठी नाही मारला. नामदेवला दाखवायला मारला.

पाहुण्यांचं भाषण सुरू झालं आणि वारा सुटला. धूळच धूळ. गॅसबत्त्या विझल्या. लोकांना वाटतं, वारा बल्ल्या पाडतो. तसं नसतं. वारा छतात भरतो, छत फुगतं आणि बल्ल्या खड्ड्यातून उपटून काढतं. माझ्या बल्ल्या हलू लागल्या. एकीला नामदेव मिठी मारून लटकला होता.

"सोड नं बाप्पा तो कपडा!" तो मला ओरडला.

माझ्या गाठी सरकत्या. एक टोक ओढलं की मोकळ्या. मी कोपऱ्यांजवळच्या पोरांना ओरडलो, "ओढा!"

छत खाली आलं, ते नेमकं नामदेवच्या डोक्यावर. तणाव्यांनी बल्ल्या धरून ठेवल्या. एकही पडली नाही.

थोड्या वेळात धूळ बसली. वर पाहतो तो चंद्र लख्ख. गॅसबत्तीची गरजच राहिली नाही. त्याच उजेडात भाषण झालं, खीर वाटली. लोक म्हणाले, असा प्रोग्राम पाहिला नाही.

नामदेव कपड्यातून बाहेर आला. "सांगतलं नोतं? आलं नं वावधन!"

"वैशाखात दरसाल येते. मांगच्या अवसेले लग्नासाठी घालून ठेवलेला मांडव उडाला, तवा कोणता चंद्र होता?"

त्यानं विचार केला. "तवा तो लपून बसला होता."

मी खीर खाल्ली.

पुढच्या वर्षी गंगाधर म्हणाला, "किसनभाऊ, छत नका बांधू. चंद्र दिसला पाहिजे."

मी बांधलं. मांडववाला आहे मी.

आता अशा चंद्राला सुपरमून म्हणतात. तो आला की शेजारीपाजारी अजून विचारतात, भूकंप होईल का म्हणून. मी सांगतो, अंगणात खाट टाका आणि खुशाल पाहा. मांडव घातला असेल तर फक्त गाठ सरकती ठेवा. ती अमावस्येलाही ठेवा.