कानबाईचा रोट आणि चिनी देऊळ

आमच्या धुळ्याच्या भजनी मंडळात मुंबईचं चिनी देऊळ हा विषय एकदा निघाला की पोथी तशीच उघडी राहते. गेलो आम्ही तिघीच होतो, पण सांगायला आता सगळ्याच पुढे असतात. म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवते.

अक्का आमच्या शेजारच्या, साक्रीकडच्या. मुलगा दिलीप जहाजावर खलाशी. बरेच महिने पत्र नव्हतं. श्रावणात कळलं की त्याचं जहाज मुंबईला लागणार आहे. नुकतीच कानबाई, आमची खानदेशातली देवी, घरोघर बसून गेली होती. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात, त्याचे रोट होतात. दिलीपचा रोट फडक्यात बांधून अक्का एस.टी.त बसल्या. सोबतीला मी आणि मंडळातली विमल.

वाटेत विमलला भूक लागली. "अक्का, एक तुकडा द्या ना."

"रोट घरनाच मानसे खातस," अक्का म्हणाल्या आणि तिच्या हातावर आपली चटणी-भाकरी ठेवली.

मला याचं नवल नव्हतं. अक्का मला लोणच्याची बरणी उचलून देतील, पण रोटाचा कण कधी दिला नाही.

* * *

गोदीच्या फाटकावर शिपाई म्हणाला, "जहाज लेट आहे. कधी येईल, सांगता येत नाही."

अक्कांनी फडकं तेवढं पोटाशी धरलं. शिपायालाच वाईट वाटलं असावं. म्हणाला, "इथे माझगावात चिनी लोकांचं जुनं देऊळ आहे. खलाशांचंच. जाऊन या."

* * *

देऊळ म्हणजे साधं घर. जिना चढून वर गेलो. सगळं लाल. देव लाल तोंडाचा, लांब दाढीचा.

"आमचे सासरे रागावले की असेच दिसायचे," विमल कुजबुजली.

घंटा सापडेना. देवामागे भिंत, प्रदक्षिणेला जागा नाही. मग विमलने आपल्याकडे करतात तसं जागच्या जागी स्वतःभोवती फिरायला सुरुवात केली. देवळाचे म्हातारे चिनी बाबा धावत आले ते खुर्ची घेऊन. "बैठो बेटी, चक्कर आया?"

* * *

तिथे बांबूच्या नळकांड्यात काड्या असतात. मनात प्रश्न धरून हलवायचं, पडेल त्या काडीचं उत्तर बाबा वाचतात. अक्कांनी इतकं हळू हलवलं की काही पडेना.

"सुपाने पाखडता तसं करा," विमल म्हणाली.

सगळ्या काड्या जमिनीवर.

"माँजी, एकही चाहिए," बाबा हसले आणि स्वतः वाकून गोळा करू लागले.

दुसऱ्यांदा एकच पडली. बाबांनी त्या काडीवरच्या आकड्याची चिठ्ठी काढून वाचली. "रास्ते में है. देर लगेगी."

"कितला येळ लागी?"

मी हिंदीत विचारलं. बाबांनी चिठ्ठी उलटून पाहिली. "ये नहीं लिखा."

* * *

देवापुढे चहाचे छोटे कप मांडलेले होते. मी विचारलं, हे कोणासाठी? बाबा म्हणाले, जे समुद्रावर आहेत त्यांच्यासाठी. रोज ओततात.

मग त्यांनी अक्कांना मुलाचं नाव विचारलं. "दिलीप," अक्का म्हणाल्या. बाबांनी ते दोनतीनदा म्हणून पाहिलं, आतून आणखी एक कप आणला, पुसला, चहा ओतला आणि रांगेत ठेवला.

अक्कांनी फडकं सोडलं. रोट मोडला. अर्धा त्या कपाशेजारी ठेवला, अर्धा बाबांच्या हातावर.

"अहो अक्का," विमल म्हणाली, "रोट ना तो?"

"खाय भाऊ," अक्का बाबांना म्हणाल्या. मग आमच्याकडे वळून, "हाऊ घरना शे."