उन्हात ठेवलेला जांभळा दगड

“पाणी चालतं का, हे आधी दगडाला विचारायचं. त्याला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने मी सांगते.” एवढं बोलून मामी चष्मा कपाळावर चढवायची आणि समोर बसलेल्या बायका माना पुढे काढायच्या.

मामी तशी कुणाचीच सख्खी मामी नव्हती. पण इमारतीतलं शेंबडं पोरही तिला मामी म्हणायचं आणि त्या पोराची आजीही. तिचा धंदा पडदे शिवण्याचा. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन, भिंतीला टेकवलेले कापडाचे तागे, जमिनीवर दोऱ्यांचा कचरा, आणि खिडकीजवळच्या फळीवर ओळीने वाट्या. त्या वाट्यांमध्ये दगड. पडदे पोटासाठी आणि दगड जिवासाठी, अशी तिची वाटणी होती. फार पूर्वी तिचं मनगट धरलं होतं, कात्री उचलवेना, तेव्हा एका गिऱ्हाइकाने तिला काळा गुळगुळीत दगड दिला. मनगट आपसूक सुटलं की दगडाने सोडवलं, हे कोण सांगणार? मामी सांगायची. दगडाने.

पण मामी भोंदू नव्हती, हे तिच्या वैऱ्यानेही कबूल केलं असतं. दगडाचं खोटं ती कधी सांगत नसे. वाट्या पुढे ओढून ती एकेक दगड हातात घ्यायची.

“हा पांढरा, रेषारेषांचा. सेलेनाइट. ह्याला पाण्यात घातलात की तुकतुकी गेली, मग बसा रडत. ह्याला नुसतं कोरड्या फडक्याने पुसायचं. हा सोन्यासारखा दिसतो तो पाण्याने गंजतो, माझ्या सुईसारखा. हा हिरवा, पट्ट्यापट्ट्यांचा. हा बुडवलेलं पाणी कुणी प्यायचं नाही. तांबं असतं त्यात. शक्ती मिळेल म्हणून प्यायला जाल आणि रात्रभर पोट धरून बसाल. मिठात पुरायचा तर कडक दगड, मऊ दगडाला मीठ चरे पाडतं. धूर दाखवायचा तर खिडकी उघडी ठेवून. आणि तो काचेसारखा गोळा खिडकीत ठेवलात तर बघा. भिंगासारखं ऊन गोळा करतो तो. पडदा पेटेल. पडदा मी परत शिवून देईन, घर कोण देईल?”

“मग मामी, उन्हात ठेवायचं तरी काय?” खालच्या मजल्यावरची ताई विचारायची. तिला सगळं दोनदा विचारायची सवय.

“बाकी सगळं. ऊन म्हणजे दगडाचं जेवण.”

हे वाक्य तिचं नव्हतं. मोबाइलवर एक केस मोकळे सोडलेला माणूस दगडांवर बोलायचा, त्याचं होतं. पाण्याचं ती स्वतःचा एक दगड वाया घालवून शिकली होती, मिठाचंही. उन्हाचं मात्र ऐकीव होतं.

दगडांचा हा वर्ग चालू असताना आतल्या खोलीतून हुबेहूब तिचाच आवाज यायचा. “पाणी चालतं का, हे आधी दगडाला विचाराऽयचं.” बायका तोंडावर पदर, ओढणी, जे हाताला लागेल ते धरून हसायच्या.

“अहो, तुम्ही तुमच्या गाड्या सोडा,” मामी आत न बघता म्हणायची.

आत मामा असायचे. मामा बस-स्थानकावर गाड्यांची घोषणा करायचे. त्यांचा आवाज म्हणजे त्या अख्ख्या स्थानकाचं छप्पर होतं. त्याच्याखाली लोक निवांत बसायचे. “चार नंबरच्या फलाटावरची गाडी सुटण्याच्या तयारीत आहे. प्रवाशांनी आपलं सामान आणि आपली मुलं दोन्ही मोजून घ्यावीत.” दुसरं वाक्य मामांच्या पदरचं. साहेबांनी दोनदा तंबी दिली, तर मामांनी ती तंबी साहेबांच्याच आवाजात कॅन्टीनमध्ये ऐकवली, आणि साहेब दारात उभे होते. मामांना सगळ्यांचे आवाज काढता यायचे. मेहुण्याचा, घरमालकाचा, बिघडलेल्या मिक्सरचा. घरात मूलबाळ नव्हतं, तरी घर कधी रिकामं वाटलं नाही, कारण मामा एकटेच सात-आठ माणसं होते.

थंडी सरता सरता तो आवाज फाटला. आधी सर्दी म्हणून सोडून दिलं. मग आवाज खाली बसला आणि वर यायचं नाव घेईना. मामांची बहीण पलीकडच्या गल्लीत राहायची, तोंडाने तिखट आणि भावावर जीव टाकणारी. तिने दादाला हाताला धरून घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, स्वरतंतूवर गाठ दिसतेय. भूल देऊन छोटासा तुकडा काढू, तपासू, मग बोलू. तारीख दिली.

“तुकडा काढणार म्हणजे आवाजाचाच तुकडा ना?” घरी येऊन मामा म्हणाले. हसत म्हणाले, पण चहाचा कप त्यांनी तसाच ठेवून दिला. “आहे तो आवाज फाटका असेल, पण माझा आहे.”

मामी उठली. तिने फळीवरून ॲमेथिस्ट उचलला, जांभळा, पिकल्या जांभळासारखा गर्द, आणि तो मऊ पट्टीत शिवून मामांच्या गळ्याशी बांधला. “तारीख येईल, तोवर हा लावा. मनाला बरं वाटेल,” ती म्हणाली. तिने तोवर म्हटलं होतं. हा शब्द पुढे तिला फार आठवला.

मामा रात्री पट्टी बांधायचे. सकाळी मामी टाके उसवून दगड काढायची, पाण्याने धुवायची, कारण त्याला पाणी चालतं, आणि खिडकीत उन्हात ठेवायची. दिवसभर ऊन त्याच्यावर. संध्याकाळी परत पट्टीत. उन्हाळा तापायला लागला तसा दगड फिका पडू लागला. गर्द जांभळा होता तो फिका झाला, मग पाण्यात एक थेंब शाई पडावी तसा.

“अहो, बघा तरी,” मामीचा आवाज कापत होता, आनंदाने. “ह्याने ओढून घेतलं. तुमच्यातलं ह्याच्यात उतरलं.”

आयुष्यभर दगडांची टर उडवणाऱ्या मामांनी तो दगड बोटांत धरून दिव्यासमोर नेला. बराच वेळ बघितला. “खरंच गं,” ते म्हणाले. नक्कल न करता, स्वतःच्या उरल्यासुरल्या आवाजात.

तारीख आली आणि गेली. “घसा हलका वाटतोय,” मामा म्हणायचे, आणि ते ऐकायला समोरच्याला कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागायचा. स्थानकावर त्यांना माइकवरून काढून पार्सलच्या खिडकीत बसवलं. वर्गातल्या बायका मात्र वाढल्या. “मामी, तो दगड दाखवा ना, मामांचा,” म्हणत लांबून यायच्या. नणंदेला हे कळलं तेव्हा ती दारातूनच म्हणाली, “वहिनी, उद्या दगडाला पेन्शन सुरू करा.” मामीने तिलाही एक जांभळा दगड देऊ केला, डोकं शांत राहावं म्हणून. एकाच ढेपेतून फुटलेला, मामांच्या दगडाचा भाऊच. नणंदेने तो पर्समध्ये टाकला आणि त्यानंतर पार विसरली.

मग एका दुपारी एक निवृत्त शिक्षिका जुने पडदे घेऊन आल्या. लांबी कमी करायची होती. मामीने मशीनशेजारी बसून तळपट्टीचे टाके उसवले आणि पट्टी उलगडली. पडद्याचं कापड राखाडी झालं होतं, आणि दुमडीच्या आत दडलेलं गर्द निळं. जसं दुकानातून आलं होतं तसं.

“अगंबाई, हे असे होते होय?” शिक्षिका म्हणाल्या. “मी तर विसरूनच गेले होते.”

“पश्चिमेची खिडकी असेल तुमची,” मामी सवयीने सुरू झाली. हे ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आली होती. “अस्तर लावून घ्या बाई, ऊन रंग खातं. कितीही भारी माल असू दे, उन्हापुढे कुठलाच रंग…”

आणि ती थांबली.

“कुठलाच रंग काय?” शिक्षिकांनी विचारलं.

“टिकत नाही,” मामी म्हणाली. तिची नजर खिडकीकडे गेली होती. तिथे दगड ऊन खात पडला होता. की ऊन त्याला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खिडक्यांचं ऊन मोजलेल्या बाईने आपल्या खिडकीतलं ऊन पाहिलंच नव्हतं.

गिऱ्हाईक गेल्यावर ती तडक नणंदेकडे गेली. नणंदेने पर्स पलंगावर उलटी केली. चिल्लर, किल्ल्या, गोळ्यांची पाकिटं, आणि त्यांत तो दगड. गर्द जांभळा. जसाच्या तसा.

“आता काय झालं? ह्यालाही ताप आला का?” नणंद म्हणाली. मामीचा चेहरा बघून तिने पुढचं गिळलं.

संध्याकाळी मामीने दोन्ही दगड मामांच्या पुढ्यात ठेवले.

“अहो, तुमच्या दगडाने काही ओढलेलं नाही. उन्हाने विटलाय तो. हा तुमच्या बहिणीच्या पर्समध्ये अंधारात होता, बघा कसा आहे. मी चुकले. उद्या डॉक्टरांकडे जाऊ.”

मामांनी दोन्ही दगड पाहिले. त्यांनी इतकी वर्षं तिचा वर्ग भिंतीपलीकडून ऐकला होता. तो धडा त्यांना तिच्याहून जास्त पाठ होता.

“तिचा घसा ठणठणीत आहे,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. “तिच्यातून दगड ओढणार काय? टोमणे?”

“अहो, थट्टा नको.”

“थट्टा नाही करत. तूच शिकवतेस ना, आजारी माणसाचा दगड मळतो, निरोग्याचा नाही. मग?”

 मामीचंच वाक्य होतं, तिच्याच आवाजात नाही एवढंच. आता त्यांना कुणाचाच आवाज काढता येत नव्हता.

“मग असं कर,” मामा म्हणाले. “हा तिचा दगड कुणाच्या अंगाला लावू नकोस. नुसता उन्हात ठेव. विटला तर मी मानलं. तू म्हणशील तिथे येतो.”

माणूस भ्याला की किती तर्कशुद्ध बोलतो, हे मामीला त्या दिवशी कळलं. तिने दगड खिडकीत ठेवला. आणि रोज सकाळी उठून आधी तो बघायला लागली. पडदे शिवताना बघायची, दोरा ओवताना बघायची. ज्या उन्हाने पहिल्या दगडाचा रंग तिच्या नकळत नेला, ते ऊन आता ती डोळ्यांत तेल घालून बघत होती तर हलायला तयार नव्हतं. त्यात आभाळ यायला लागलं. पहिला दगड विटायला सगळा उन्हाळा लागला होता, हे तिला ठाऊक होतं. मामांना गिळताना त्रास व्हायला लागला होता. जेवताना ते पाठ करून बसायचे, तिला दिसू नये म्हणून. तिला पाठीवरूनही दिसायचं.

दगडाला घाई नव्हती. गाठीला होती.

एका दुपारी मामा कामावर असताना मामीने खिडकीतला जांभळा दगड उचलून दोऱ्यांच्या डब्यात तळाशी दडवला. फळीवरच्या वाटीतला एक बिनरंगी स्फटिक घेतला, तेवढाच, तसाच, आणि त्याच जागी ठेवून दिला. हात धुतले. दोनदा धुतले.

“विटला,” मामा घरी आल्यावर ती म्हणाली. “बघा. पूर्ण विटला.”

मामा खिडकीशी गेले. दगड उचलला. अंगठा त्याच्या कडेवरून फिरवला, पुन्हा एकदा फिरवला. मग येऊन तिच्या मशीनसमोरच्या स्टुलावर बसले.

“हा वाटीतला आहे,” ते म्हणाले. “तो नवीन बायकांना पहिला दाखवतेस तो. ह्याच्या पोटात एक रेघ आहे.”

 मशीनच्या चाकावर मामीचा हात तसाच होता.

“तू दगडाचं खोटं कधी सांगत नाहीस.”

“नाही.”

“मागे एका बाईला हिरवा हवा होता पाण्यात घालायला, दुप्पट द्यायला तयार होती. तरी दिला नाहीस.”

“नाही दिला.”

“आणि मला फसवतेस.”

“हो,” मामी म्हणाली. “तुम्ही दुसऱ्या कशाने हलत नव्हतात.”

मामा तो स्फटिक तळहातावर तोलत राहिले. बाहेर कुणीतरी जिन्यावरून गॅसची टाकी चढवत होतं, तिचा आवाज पायरीपायरीने वर आला आणि वरच्या मजल्यावर थांबला.

“एवढं वाटतंय तुला?” त्यांनी विचारलं.

तिने मान हलवली. बोलायला गेली असती तर रडली असती, आणि मग त्यांनी तिला हसवायचा प्रयत्न केला असता, आणि तो आवाज तिला ऐकवला नसता.

“बरं,” मामा म्हणाले. “सकाळी शर्ट कुठला घालू?”

रुग्णालयातले डॉक्टर तरुण होते. त्यांनी नाकातून बारीक नळी घातली आणि पडद्यावर बघत राहिले. मामांचा हात मामीच्या हातात होता; घट्ट कुणी धरला होता ते सांगता आलं नसतं.

“मागे तारीख दिली होती तुम्हाला,” डॉक्टर म्हणाले. “मग इतके दिवस काय केलंत?”

“सुट्टी मिळाली नाही,” मामा कुजबुजले.

“नाही, डॉक्टर,” मामी म्हणाली. “गळ्याला दगड बांधत होतो. मी बांधत होते.”

डॉक्टर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. रागावले असते तर मामीला बरं वाटलं असतं. त्यांनी नळी हळूच काढली, मामांना पुसायला कापूस दिला आणि म्हणाले, “तुम्ही दोघं जरा बाहेर बसा. मी मोठ्या डॉक्टरांना बोलावतो.”

ते बाहेर बाकावर बसले. मोठे डॉक्टर पॅसेजमधून आले, आत गेले, आणि त्यांच्यामागे दार लागलं.