पोपटचा अकरावा आकडा

अकरावा आकडा मी बदलला. एकाचा सात केला. कोणाच्या सांगण्यावरून नाही, घाईत नाही, चष्मा विसरलो म्हणूनही नाही. सकाळी, अंबरनाथच्या माझ्या घरात, खिडकीजवळच्या टेबलावर बसून, काळ्या शाईच्या पेनाने, अगदी स्वच्छ अक्षरात. जनार्दन भोईर जाऊन आता पाच आठवडे झाले. त्याच्याबद्दल चार शब्द लिही, असं बरेच जण म्हणाले. पण हे आधी लिहिल्याशिवाय बाकीचं काही लिहिण्याचा मला हक्क नाही.

बातमी मोबाइलवर आली. कुत्री पाळणाऱ्या आम्हा मंडळींचा एक ग्रुप आहे, त्यावर जनाचा फोटो आणि खाली दोन ओळी. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात घरापुढे गाडीच्या काचा पुसताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं... फोटोत जना हसतोय, पायाशी त्याचा कुत्रा पोपट, आणि जनाच्या खांद्यावर एक हात. नुसता हात. तो माझा. फोटो कापताना कोणीतरी मला मनगटापासून तोडलं होतं. आणि खरं सांगतो, तीस वर्षांपासूनचा मित्र गेल्याची बातमी वाचून माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की इथेही हाच, मी नाहीच. रडू त्यानंतर आलं.

आमची ओळख उल्हासनगरला आयटीआयमध्ये झाली. मी पुढे अंबरनाथच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून चिकटलो आणि आजही तिथेच आहे. जनाची घरची बदलापूरला शेती. तिच्यावर इमारती उभ्या राहिल्या तसा तो टेम्पोच्या धंद्यात शिरला. कुत्र्यांचं वेड मात्र मूळ माझं. कारवानी जातीची माहिती मी वर्षानुवर्षं जमवली होती. उंची किती, छाती किती खोल, शेपूट कशी वळलेली, सगळं फायलीत. अकरा वर्षांपूर्वी लातूरकडच्या एका गावात आम्ही दोघं पिल्लं आणायला गेलो. एकाच कुत्रीची सहा पिल्लं. मी टेप काढून एकेकाचं माप घेऊ लागलो. जना चुलीपाशी बसून त्या घरच्या म्हाताऱ्याशी गप्पा मारत होता. मध्येच म्हणाला, "अवि, कुत्रा न्यायला आलायस का त्याची पॅन्ट शिवायला?"

निवड पहिली माझी होती. मी सगळ्यांत मोठं, रुंद छातीचं पिल्लू घेतलं आणि त्याचं नाव सम्राट ठेवलं. जनाने निवड केलीच नाही. त्याच्या चपलेवर एक पिल्लू झोपी गेलं होतं, ते त्याने चपलेसकट उचललं. त्याचं नाक जरा वाकडं होतं म्हणून तो पोपट. मी म्हटलं, "अरे, कुत्र्याचं नाव पोपट?" तर म्हणाला, "मग काय पोपटाचं नाव कुत्रा ठेवू?"

दीड वर्षात सम्राट बैलासारखा दांडगा झाला आणि पोपट वाऱ्यासारखा. प्रदर्शनात कुत्र्याला रिंगमध्ये पळवत न्यावं लागतं आणि त्याच्या चालीवर परीक्षकाची नजर असते. हे जनाला मी शिकवलं. पट्टा किती सैल धरायचा, कुठे वळायचं, उभं करताना मागचे पाय कुठे ठेवायचे... सगळं मीच. सम्राट माझ्याबरोबर दहा पावलं चालायचा आणि फतकल मारून बसायचा. पोपट जनाबरोबर पळायचा तेव्हा बाजूच्या रिंगमधली माणसं मान वळवून बघायची. जनाच्या पायात चप्पल, शर्ट बाहेर, पोट पुढे. आणि परीक्षकाचा हात पोपटच्या पाठीवर. आधी वाटलं नशीब. चौथ्या-पाचव्या वेळेला ते नशीब नाही हे कळलं, आणि तिथून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते मग थांबलं नाही.

गाडीचंही तसंच. उन्हात टेम्पोतून नेलं की कुत्री थकतात, म्हणून ज्यात आपणही राहू आणि कुत्रीही राहतील अशी मोटरहोम करावी, ही कल्पना माझी. ग्राफपेपरवर मी तिचा नकाशा काढला होता, इंचाइंचाचा. तीन वर्षं तो कपाटात पडून होता. जनाने एक दिवस शाळेची जुनी मिनीबस विकत घेतली आणि थेट उल्हासनगर कॅम्पात गोपीसेठ या फर्निचरवाल्याच्या दारात उभी केली. मी नकाशाची गुंडाळी घेऊन धावत गेलो. गोपीसेठने ती उलगडलीसुद्धा नाही. म्हणाला, "साईं, कागज पे तो हवाई जहाज भी बनता है. ये आदमी गाडी लेके आया है." त्याने आणि जनाने खडूने बसच्या तळावर रेघा ओढल्या. इथे पलंग, इथे गॅस, इथे कुत्र्यांचे दोन कप्पे. कोणाच्या तरी देवघराच्या कामातून उरलेला संगमरवरी नक्षीचा सनमायका कपाटांना लावला. गाडी झकास झाली. जना भेटेल त्याला सांगायचा, "कल्पना या अविची हाय. मी नुसता ड्रायवर." तो मनापासून म्हणायचा, हेच मला सहन व्हायचं नाही. कोणी हक्क हिसकावून घेतला तर भांडता येतं. त्याने स्वतःहून हातात ठेवला तर काय करायचं?

मग आम्ही हिंडलो. नाशिक, सातारा, इंदूर, एकदा बंगळूर. रत्नावहिनी, म्हणजे जनाची बायको, गाडीतच भाकऱ्या थापायच्या. सुक्या बोंबलाच्या वासाने दोन्ही कुत्री वेडी व्हायची. खोपोलीचा घाट चढताना कपाटातलं एक तरी भांडं खाली यायचंच, आणि जना ओरडायचा, "आलं रं गोपीसेठचं बिल!" ते दिवस सुखाचे होते. मी ते सुख पूर्ण कधी घेतलं नाही. कप्प्यात पाय दुमडून झोपलेल्या पोपटकडे बघत बसायचो आणि मनात एकच. निवड पहिली माझी होती.

कुत्र्याच्या नावाआधी 'चॅम्पियन' लागण्यासाठी वेगवेगळ्या परीक्षकांची ठरलेली प्रमाणपत्रं मिळवावी लागतात. पोपटचं एकच बाकी होतं. कोल्हापूरच्या प्रदर्शनात ते मिळणार, हे सगळे धरून चालले होते. जनाने गाडीच्या मागे रंगाऱ्याकडून मोठ्या अक्षरात 'पोपट, हेंद्रेपाडा' लिहून घेतलं होतं आणि नावाच्या डावीकडे हातभर जागा कोरी सोडली होती. "कोल्हापूरवरनं आलो की भरू," म्हणाला.

दोघांचेही प्रवेशअर्ज मी भरायचो. इंग्रजी अर्जाचा जनाला कंटाळा, आणि माझं अक्षर छापल्यासारखं. प्रत्येक कुत्र्याच्या मानेच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते, तिचा पंधरा आकडी नंबर अर्जात लिहावा लागतो. जनाने तो त्याच्या गिचमिड अक्षरात चिठ्ठीवर उतरवून दिला होता. लिहिता लिहिता अकराव्या आकड्याशी माझं पेन थांबलं. एक होता. मी सात लिहिला. मग चिठ्ठी फाडून टाकली.

त्यानंतरही ते सुधारता आलं असतं. कोल्हापूरला रिंगच्या दाराशी पोपटच्या मानेवरून यंत्र फिरवलं गेलं आणि नंबर यादीशी जुळेना. तिथल्या बाईंनी तीनदा फिरवून बघितलं. "अकरावा आकडा जुळत नाही. मूळ कागद दाखवा, लगेच आत सोडते," म्हणाल्या. जनाने अर्जानंतर माझ्याकडे ठेवायला दिलेले मूळ कागद माझ्या फायलीत होते. फाइल माझ्या बॅगेत होती. बॅग माझ्या खांद्यावर होती. जनाने माझ्याकडे बघितलं, "अवि, कागद?" आणि मी म्हणालो, "घरीच राहिले रे."

पेन चाललं तो एक क्षण होता, त्याला मी मोह म्हणेन. पण 'घरीच राहिले' म्हणताना जना माझ्या डोळ्यांत बघत होता. त्याला काय म्हणायचं, ते मला आजही कळत नाही.

त्या दिवशी कारवानी गटात सम्राट पहिला आला. गटात तो एकटाच उरला होता. परतीच्या वाटेवर साताऱ्याच्या पुढे जनाने गाडी बाजूला घेतली. वहिनींनी चहा ठेवला. जना कप घेऊन गाडीच्या पायरीवर बसला. मग म्हणाला, "तुझ्याकडनं आकडा चुकायचा नाय, अवि. कारखान्याचं नकाशे काढतंस तू. माझंच लिवनं चुकलं असंल. तुझी एवढी मेहनत माझ्यापायी वाया गेली... माफ कर रं."

आणि मी म्हणालो, "जाऊ दे रे. होतं असं." मी त्याला माफ केलं! घरी पोचल्यावर त्याने सम्राटच्या बक्षिसाचे पेढे अख्ख्या आळीत वाटले.

पुढच्याच महिन्यात टाळेबंदी लागली. प्रदर्शनं बंद पडली. ती पुन्हा सुरू होईपर्यंत पोपट मागच्या पायाने लंगडायला लागला होता. लंगडा कुत्रा रिंगमध्ये नेता येत नाही. ती हातभर जागा कोरीच राहिली.

टाळेबंदीतच मला कोरोना झाला. घर दोन खोल्यांचं, आईला दम्याचा त्रास. कुठे जायचं सुचेना. जनाला कळलं तसा तो पोलिसांचा पास काढून मोटरहोम घेऊन माझ्या इमारतीखाली आला. खालच्या दुकानातून वायर ओढून वीज दिली आणि मला म्हणाला, "चौदा दिस राजासारखा राहा. फक्त पोपटच्या कप्प्यात झोपू नको, त्याला राग येतो." मी त्या गाडीत चौदा दिवस काढले. तिसऱ्या दिवशी साखर शोधताना कपाट उघडलं, तर दाराच्या आतल्या बाजूला, त्या संगमरवरी सनमायक्यावर, ऑइलपेंटने पंधरा आकडे लिहिलेले. वेडेवाकडे, पण मोठे. आणि अकरावा, एक, तेवढा लाल. पुन्हा चूक व्हायला नको म्हणून त्याने तो तिथे रंगवून ठेवला होता. पुढे अकरा दिवस मी साखरेशिवाय चहा प्यायलो. ते दार उघडायची माझी हिंमत झाली नाही. सांगायला मात्र त्यानंतर पाच वर्षं होती माझ्याकडे. दर भेटीत आज सांगू, असं ठरवून जायचो आणि तो एवढ्या प्रेमाने "ये रं, अवि" म्हणायचा, की न सांगताच परत यायचो.

जनाच्या अंत्ययात्रेला बदलापूर, कुळगाव, अंबरनाथ... कुठून कुठून माणसं आली. गोपीसेठ लहान मुलासारखा रडला. मी मागे उभा राहून माणसं मोजत होतो. माझ्या वेळी यातली किती येतील, याचा हिशेब करत होतो. पोपटने चार दिवस तोंडात अन्न घेतलं नाही. आणि सम्राट, मी तीन वर्षांपूर्वी महिनाभर दवाखान्यात होतो तेव्हा दोन वेळा पोटभर जेवत होता, हे मला तेव्हाही आठवलं. मेलेल्या मित्राचा हेवा करणारा माणूस कसा असतो, हे ज्यांना बघायचं असेल त्यांनी मला बघावं.

तेराव्यानंतर वहिनींनी बोलावलं. गाडीचे कागद बघून द्या म्हणाल्या. आम्ही गाडीत बसलो. पोपट लंगडत येऊन आपल्या कप्प्यात शिरला. तोंड पांढरं झालंय आता त्याचं. वहिनींनी त्याच्या दुधाची ताटली काढायला कपाट उघडलं आणि दार माझ्यासमोर आलं.

"भावोजी, ह्यो कसला नंबर वो?" त्या म्हणाल्या. "पोपटला जेवन घालताना रोज वाचायचं. म्हनायचं, पोपट, तुझा बाप अडानी, पन आता नाय चुकायचा. शेवटल्या दिशी सकाली पन वाचलंन."

मग मी सांगितलं. पेन, चिठ्ठी, खांद्यावरची बॅग... सगळं. "वहिनी, जनाने एकच लिहिला होता. सात मी केला. मला माफ करा."

वहिनींनी ताटलीत दूध ओतून ती पोपटपुढे ठेवली. रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मना सांगून काय व्हायचं, भावोजी? त्यांनी तं सगल्यांना सांगलंय, चूक माझी म्हनून. पाड्यात सांगलंय, गोपीसेठला सांगलंय, तुमच्या त्या कुत्तेवाल्या लोकांना सांगलंय. हासत सांगायचं. आता त्या सगल्यांना तुम्ही सांगा."

म्हणून हे लिहिलं. हेंद्रेपाड्यातले, कॅम्पातले, रिंगच्या दोरीबाहेर उभे राहून जनाची चूक ऐकलेले, हसलेले सगळे हे वाचतील अशी आशा आहे. जनार्दन भोईर यांनी लिहिलेला आकडा बरोबर होता. त्यांच्या हातून काहीही चुकलं नव्हतं. पोपट त्या दिवशी रिंगमध्ये गेला नाही तो माझ्यामुळे, आणि ते चुकून झालं नाही.

जना, साताऱ्याच्या पुढे गाडी थांबवून तू जी माफी मागितलीस, ती माझी होती. ती मी आज मागतो. माफ कर रे.