तळ्याला एक फेरी, दिलीपच्या सहीसाठी

लोक तळ्याकाठी ट्रेकला जातात ते म्हणे निसर्गाच्या ओढीने. आम्ही गेलो दिलीपची सही घ्यायला.

मी शांती नगरातल्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणजे पाणी गेलं की शिव्या खाणारा इसम. बिल्डिंगच्या रीडेव्हलपमेंटला सगळ्यांनी सह्या दिल्यात, एक दिलीप सोडून. कायद्याने बहुमत पुरतं, पण आमच्या बिल्डरला पुढची कटकट नकोय, त्याला सगळेच हवेत. इकडे मागच्या महिन्यात आमच्या छताचं प्लास्टर बायकोच्या उशीवर पडलं. नशीब, ती तेव्हा स्वयंपाकघरात होती. दिलीप माझा वीस वर्षांचा दोस्त, आणि गेली दोन वर्षं आम्ही लिफ्टमध्ये एकमेकांऐवजी मजल्यांचे आकडे बघत होतो.

आयडिया खजिनदार जिग्नेशची. "तलाव को पूरा राउंड मारने का. बराबर अर्ध्यावर कागद काढायचा. मागे फिरला तरी तेवढंच चालावं लागेल ना त्याला?" ही अक्कल ऑडिटच्या वेळी कुठे गहाण पडते कोण जाणे. दिलीपला मी फोन केला आणि आश्चर्य म्हणजे तो लगेच हो म्हणाला.

आता तुमच्या कामाचं. भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणारी बस सकाळी सातच्या आत पकडा, तारोडीच्या आसपास उतरा आणि विचारत जा. जाऊन-येऊन माणशी शंभरात भागतं. तळ्याचं नाव मुद्दाम सांगत नाही, नाहीतर पुढच्या रविवारी स्पीकर घेऊन हजर व्हाल. इंटरनेटवर याला 'सिनिक लेकसाइड लूप' म्हणतात. प्रत्यक्षात एक पायवाट, काटेरी झुडपं, दोन म्हशी, आणि आधी येऊन गेलेल्या निसर्गप्रेमींनी आठवण म्हणून ठेवलेल्या बाटल्या. अंतर चार किलोमीटर, वेळ दीड तास. जिग्नेश सोबत असेल तर अडीच. पठ्ठ्याने नवेकोरे ट्रेकिंगचे बूट आणि फोल्डिंगची काठी आणली होती.

वाटेत एका घराच्या ओट्यावर एक आंटी मासळी सुकत घालत होत्या. मी सवयीने विचारलं, "आंटी, तालाब किस तरफ है?"

त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. "तुमी मराठीच ना? मंग हिंदी कशाला झाडता? आमी मराठीच हाय. तलाव त्या अंगाला हाय, पन पान्यात उतरू नका, गाळ हाय."

"सॉरी आंटी," मी म्हणालो. ते पण इंग्रजीत. दिलीप खो खो हसला आणि मला एकदम हलकं वाटलं. दोन वर्षांनी ऐकलं त्याचं हसणं.

तळं मात्र सुंदर आहे, उगाच नावं ठेवणार नाही. पाण्यावर बगळे, पलीकडून समुद्राचा वारा, आणि हॉर्न अजिबात नाही. पहिले दोन किलोमीटर आम्ही जुन्या गप्पा मारल्या. अर्ध्यावर येताच जिग्नेश ठरल्याप्रमाणे तीनदा खोकला. इतका जोरात की बगळे उडाले.

दिलीप दगडावर बसला. "काढा कागद. दोन वर्षांत साधं चहाला बोलावलं नाहीस, आणि आज तळं दाखवायला आणतोस होय? मी काय दुधखुळा आहे?"

"माहीत होतं तर आलास कशाला?"

"तुझा फोन आला म्हणून आलो." मग तो पाण्याकडे बघत म्हणाला, "आईला दिसत नाही रे. दोन वर्षांपूर्वीच नजर जायला लागली. आता नुसता उजेड-अंधार कळतो."

"काकूंना? अरे, दिवाळीत तू घरी नसताना पावती द्यायला आलो, तेव्हा त्यांनी मला स्वतः चहा करून दिला."

"त्या घरात करते. भिंतीला हात लावून स्वयंपाकाच्या ओट्याशी जाते, डबे हाताने ओळखते. भाड्याच्या घरात तीन वर्षं नेली, आणि बिल्डरची तीन म्हणजे आपली सहा, तर ती खुर्चीत बसून राहील. वर तिची ताकीद, कुणाला सांगू नकोस, लोक बिचारी म्हणतात."

सोसायटीत बोलवा होती की दिलीप बिल्डरकडून गुपचूप जास्त जागा मागतोय. मी ती उठवली नव्हती. फक्त ऐकली आणि पुढे जाऊ दिली. सेक्रेटरी माणूस, शहाणा. मला माझीच लाज वाटली, आणि तसं मी त्याला सांगितलं. जिग्नेशने कागद न काढताच सॅकची चेन लावली. उरलेली अर्धी फेरी आम्ही हळू चाललो.

परतीच्या बसमध्ये जिग्नेशच म्हणाला, "अपने शांती नगर में तो सब बिल्डिंग एकाच साच्यातल्या. काकूंच्या घरासारखाच फ्लॅट दुसऱ्या सेक्टरमध्ये भाड्याने मिळेल ना?" ऑडिटवाली अक्कल सुटून आली एकदाची.

मिळतो, पण निम्मे फ्लॅट उलटे. आपल्याकडे ओटा डावीकडे, तर तिथे उजवीकडे. तीन रविवार मी आणि दिलीप घरं बघत फिरलो. मी दारात डोळे मिटायचो, भिंत चाचपत ओटा शोधायचो. एका ठिकाणी बाथरूममध्ये पोचलो. एजंट दिलीपला हळूच विचारत होता, "साहब की तबियत ठीक है ना?"

तर ट्रेकमधून काय मिळालं? पायाला फोड, एक मित्र परत, आणि सही नाहीच. प्लास्टर अजून पडतंय. हे सगळं काकूंना वाचून दाखवूनच इथे टाकतोय.

काल सातव्या घरात त्यांनाच नेलं. चपला काढून त्या एकट्या आत गेल्या. मी आणि दिलीप दारातच थांबलो. भिंतीवरून हात फिरवत त्या थेट ओट्याशी जाऊन थांबल्या, मग ओट्याची कड चाचपली.

"इथे गॅस कसा नाही?"

"घर रिकामं आहे, आई. आवडलं तर आणू."

"मग सही काय ती करून टाक आणि गॅस आण," काकू म्हणाल्या. "पाहुण्यांसारखे दोघं दारात उभे आहात, तुम्हाला चहा कशावर करू?"