तिखट बंद

गेणभाऊंचा आवाज बसला, आणि तोही अवसरी बुद्रुकची यात्रा तोंडावर आलेली असताना! बैलगाडा शर्यतीचा माइक गेली कित्येक वर्षं त्यांच्याच हातात. गाडा सुटला की त्यांचा 'भिर्रर्र' असा घुमायचा, की घाटात, म्हणजे शर्यतीच्या मैदानात, बसलेला माणूस बसूच शकायचा नाही. पण खरी गर्दी व्हायची ती हरलेल्या गाडामालकाची सालटी काढताना त्यांना ऐकायला. गेल्या साली निमगाव सावाच्या जानकूचे बैल मध्येच बाजूला वळले, तर हे माइकवरून म्हणाले, "जानकूशेठ, बैलं शर्यतीला आणली का बाजाराला?" घाट हसला आणि जानकू मान खाली घालून निघून गेला.

मंचरच्या वैद्य वृषालीताईंनी घसा तपासला, काढा दिला आणि बजावलं, "तिखट एकदम बंद."

गेणभाऊंनी बंद केलं की हो! ठमाबाईंनी, म्हणजे त्यांच्या कारभारणीने, मिरचीचा डबा माळ्यावर टाकला. दूधभात, तूपभात, बिनमिरचीचं पिठलं. माणसाने किती सोसावं! तरी आवाज उघडेना. यात्रा कमिटीने माइकसाठी शिरूरच्या कुणाला तरी विचारलंय, हे कानावर आलं आणि त्यांची झोपच उडाली. माइक गेला तर गेणभाऊ कोण?

नवराबायको तडक मंचरला गेले. "ताई, मिरचीचा वास बी घेतला न्हाई," गेणभाऊ घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"ताटातलं सोडलंय, तोंडातलं कुठं सोडलंय?" ठमाबाई फणकारल्या. "सकाळी दूधवाल्याला झापलं, येताना कंडक्टरला."

वृषालीताई हसल्या. "मी दोन्ही तिखटांबद्दल बोलले होते. रागावलात की पित्त चढतं, घसा आवळतो. वागणं हेही आमच्याकडे पथ्यच. आणि कळूनसवरून चुकीचं केलं, तर त्याला प्रज्ञापराध म्हणतात."

"अपराध? आता कलम लावता व्हय? अवो, जिभेला वळणच पडलंय. माझ्या हातात न्हाई ते."

"मग कुणाच्या हातात आहे?"

परतीच्या एसटीत कंडक्टरने सुट्टे मागितले, तर गेणभाऊंनी मुकाट्याने काढून दिले.

मिरची सोडणं सोपं होतं राव! पारावर गप्प बसताना त्यांना घाम फुटायचा. पण हळूहळू राग निवला, झोप लागू लागली, आणि एका सकाळी त्यांनी गाईला हाक मारली तर शेजारचा कुत्रा दचकून उठला. आवाज आला होता! माइकही राहिला.

यात्रेत घाट माणसांनी फुलला. जानकू नवी जोडी घेऊन आला. गाडा सुटला, धुरळा उडाला, 'भिर्रर्र' घुमला... आणि निशाण हाताशी असताना बैल पुन्हा वळले!

"होऊ द्या, गेणभाऊ!" लोक ओरडले. जिभेच्या टोकावर अशी काही फर्मास कोटी आली होती, की घाट आठवडाभर हसला असता. जानकूने मान आधीच खाली घातली होती. गेणभाऊंनी ती कोटी गिळून टाकली.

"जानकूशेठ, मान वर करा! असली देखणी जोडी घाटात दुसरी न्हाई. पुढच्या साली वाट बघतो. टाळ्या होऊ द्या, मंडळी!"

आवाज खणखणीत निघाला. जानकूने फेटा काढून हवेत उडवला आणि घाट दणाणला. गेणभाऊंना रडूच आलं.

घरी ठमाबाईंनी हौसेने पिठल्यात एक मिरची टाकली आणि हळूच विचारलं, "खरंच, काय म्हणणार व्हता वो त्याला?"

"न्हाई सांगणार."

"अवो, मला तरी सांगा!"

"न्हाई," गेणभाऊ खुशीत म्हणाले. "ते माझ्या हातात हाय!"